‘अँड आय’ की ‘अँड मी’? जोडीतलं सर्वनाम पुन्हा पुन्हा चुकत असेल तर

एकट्याचं वाक्य सहसा चुकत नाही. ‘सर कॉल्ड मी’, ‘आय लेफ्ट अर्ली’, ‘दिस इज फॉर मी’ यांतलं सर्वनाम विचार न करताही बरोबर येतं. पण सोबतीला दुसरं कुणी आलं, मध्ये ‘अँड’ पडला, की तोच माणूस ‘सर कॉल्ड नेहा अँड आय’ असं लिहितो. कुणी दाखवून दिलं की सुधारतो आणि काही दिवसांनी नेमका उलट्या बाजूने चुकतो: ‘मी अँड नेहा लेफ्ट अर्ली’. नियम पाठ असतो, तरी चूक परत येते. ती का परत येते हे कळल्याशिवाय थांबत नाही, म्हणून उपायाच्या आधी कारण पाहू.

वाचताना एक गोष्ट सांभाळा. खाली इंग्रजी शब्द आणि वाक्यं एकेरी अवतरणात आहेत, मराठी वाक्यं दुहेरी अवतरणात. एकेरी अवतरणातला ‘मी’ म्हणजे इंग्रजीतलं कर्माचं रूप, आपल्या “मला”च्या जागेचं. आपला “मी” इंग्रजीत ‘आय’ होतो. उच्चार सारखा आणि काम उलट, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला इथे पहिली ठेच लागते.

चूक कुठून येते

इंग्रजीत फार थोडे शब्द कर्ता आणि कर्म यांसाठी रूप बदलतात. ‘आय, ही, शी, वी, दे’ ही कर्त्याची रूपं. ‘मी, हिम, हर, अस, देम’ ही कर्माची, आणि ‘फॉर’, ‘टु’, ‘विथ’, ‘बिट्वीन’ यांसारख्या शब्दांनंतर येणारीही हीच. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते, ते काळाच्या ओघात गळून पडले. त्यामुळे आज ‘नेहा’ हा शब्द कर्ता असो की कर्म, ‘नेहा’च राहतो. आपल्याकडे “नेहा”, “नेहाला”, “नेहाने” असा फरक लगेच ऐकू येतो, इंग्रजीत येत नाही. म्हणजे ‘नेहा अँड …’ एवढं उच्चारून झालं तरी पुढे ‘आय’ हवं की ‘मी’, याची कसलीही खूण हाती लागलेली नसते.

‘यू’ची अडचण याहून मोठी आहे. एके काळी ‘ये’ हे कर्त्याचं आणि ‘यू’ हे कर्माचं रूप होतं. साधारण 1600 सालापर्यंत रोजच्या बोलण्यात ‘यू’ने ‘ये’ची जागा घेतली आणि दोन्ही कामं एकाच शब्दाकडे आली. म्हणूनच ‘यू अँड …’ने सुरू होणाऱ्या जोडीत गोंधळ सर्वांत जास्त. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या 16व्या शतकाच्या अखेरच्या नाटकातल्या एका पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ अशीच रचना आहे. या जागी अडखळणारे आपण पहिले नाही, आणि त्यात कमीपणा मानायचं कारणही नाही.

तरी चूक टिकून राहण्याचं खरं कारण शिकवण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. लहान मूल ‘मी अँड रवी आर प्लेइंग’ म्हणतं. मोठी माणसं सांगतात, “तसं नाही, ‘रवी अँड आय’ म्हण.” या एका दुरुस्तीत दोन वेगळे धडे आहेत. पहिला शिष्टाचाराचा: आधी दुसऱ्याचं नाव, शेवटी स्वतःचं. दुसरा व्याकरणाचा: कर्त्याच्या जागी ‘आय’. मुलाला मात्र एकच धडा ऐकू येतो: जोडीत ‘मी’ वाईट, ‘अँड आय’ चांगलं. पुढे आयुष्यभर ‘अँड आय’ हा शुद्ध बोलण्याचा शिक्का वाटत राहतो आणि ‘बाई गेव्ह रवी अँड आय अ बुक’ असली वाक्यं तयार होतात. शुद्ध बोलण्याच्या धास्तीतून आलेल्या अशा अशुद्धतेला भाषाशास्त्रात हायपरकरेक्शन म्हणतात. जितकी जास्त काळजी, तितकी ही चूक जास्त. म्हणून अर्जात, मुलाखतीत, भाषणात ती हमखास डोकं वर काढते.

हे दोन धडे वेगळे केले की निम्मं काम होतं. ‘ही कॉल्ड मी अँड नेहा’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. क्रम तेवढा शिष्टाचाराला धरून नाही. ‘ही कॉल्ड नेहा अँड मी’ केलं की दोन्ही साधलं. क्रम बदलताना रूप बदलायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पहिला उपाय: सोबत्याला बाजूला करा

‘अँड’ आणि त्याच्या जोडीचं नाव तात्पुरतं झाकायचं आणि उरलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं.

‘द मॅनेजर थँक्ड रवी अँड आय.’ झाकल्यावर उरतं ‘द मॅनेजर थँक्ड आय’. कानाला लगेच खटकतं. म्हणून ‘द मॅनेजर थँक्ड रवी अँड मी’.

‘हिम अँड मी फिनिश्ड द वर्क.’ इथे दोन सर्वनामं आहेत, तर दोन्ही एकेक करून तपासा. ‘हिम फिनिश्ड’ नाही, ‘ही फिनिश्ड’. ‘मी फिनिश्ड’ नाही, ‘आय फिनिश्ड’. म्हणून ‘ही अँड आय फिनिश्ड द वर्क’. एक तपासून थांबलात तर ‘हिम अँड आय’ किंवा ‘ही अँड मी’ अशी अर्धवट दुरुस्ती होते, आणि ती मूळ चुकीपेक्षाही विचित्र ऐकू येते.

या उपायावरचा लोकांचा विश्वास एका ठिकाणी उडतो. ‘रवी अँड आय आर कमिंग’मधून रवीला काढलं की ‘आय आर कमिंग’ उरतं. ते चुकीचं वाटतं, म्हणून ‘आय’च चूक असेल असा निष्कर्ष निघतो. खटकतंय ते क्रियापद, सर्वनाम नव्हे. माणसं दोनाची एक झाली की क्रियापदही एकाचं करून म्हणायचं: ‘आय अॅम कमिंग’. बरोबर वाटलं, म्हणजे ‘रवी अँड आय’ बरोबर.

दुसरा उपाय: जोडीच्या जागी एकच शब्द

काही वाक्यांत सोबत्याला काढताच येत नाही. ‘बिट्वीन’ हे त्यातलं ठळक उदाहरण. ‘बिट्वीन’ला दोघं लागतातच, ‘बिट्वीन आय’ किंवा ‘बिट्वीन मी’ असं एकट्याने काहीच ऐकून ठरवता येत नाही. अशा वेळी अख्खी जोडी उचलायची आणि तिथे ‘वी’ आणि ‘अस’ यांतलं कोणतं बसतं ते पाहायचं. ‘बिट्वीन वी’ कुणी म्हणत नाही, ‘बिट्वीन अस’ म्हणतात. ‘अस’ हे ‘मी’च्या रांगेतलं, म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’. ‘वी’ बसलं असतं तर ‘आय’ घ्यायचं.

जोडीत आपण नसलो तर ‘दे’ आणि ‘देम’ वापरा. ‘आय मेट शी अँड हर ब्रदर’ की ‘आय मेट हर अँड हर ब्रदर’? ‘आय मेट देम’, म्हणून ‘हर’. सलग दोन ‘हर’ कानाला जड वाटतात आणि त्या भीतीने पहिलं बदलण्याचा मोह होतो. पण दोन्ही ‘हर’ची कामं वेगळी आहेत. पहिलं कर्म, दुसरं मालकी दाखवणारं. जड वाटत असेल तर वाक्याची रचना बदला, सर्वनाम बदलू नका.

मला स्वतःला हा दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, कारण क्रियापदाला धक्का लागत नाही आणि दोन सर्वनामांची जोडी एका फटक्यात तपासून होते.

मराठी कान: कुठे साथ देतो, कुठे फसवतो

मराठी बोलणाऱ्याकडे आणखी एक साधन आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. मराठीत अशा जोडीतल्या प्रत्येकाला सहसा स्वतंत्र प्रत्यय लागतो: “रवीला आणि मला बोलावलं”, “रवीसाठी आणि माझ्यासाठी”, “तुझ्यामाझ्यात”. “सरांनी रवीला आणि मी बोलावलं” असं मराठी माणूस चुकूनही म्हणणार नाही. म्हणजे इंग्रजीत लपून बसलेली खूण मराठीत उघड दिसते. वाक्य मराठीत म्हणून पाहिलं आणि “मला”, “माझ्यासाठी”, “माझ्याशी”, “माझ्यात” असं काही आलं, तर इंग्रजीत बहुतेक वेळा ‘मी’ लागतं. “मी” आलं तर बहुतेक वेळा ‘आय’.

‘बहुतेक वेळा’ हे मुद्दाम म्हटलं. मराठीतली क्रियापदांची एक मोठी टोळी कर्त्यासारख्या माणसाला चतुर्थीत बसवते. आवडणं, समजणं, आठवणं, दिसणं, वाटणं, माहीत असणं, हवं असणं. “नेहाला आणि मला ते घर आवडलं” यात दोन्हीकडे “ला” आहे, पण इंग्रजीत ‘लाइक’ला सरळ कर्ता लागतो: ‘नेहा अँड आय लाइक्ड द हाउस’. “तिला आणि मला हे माहीत होतं” याचं इंग्रजी ‘शी अँड आय न्यू दिस’. “त्याला आणि मला निघायचंय” याचं ‘ही अँड आय हॅव टु लीव्ह’. ‘हर अँड मी न्यू’ असं लिहिणाऱ्याच्या मनात अनेकदा हा “ला” घोळत असतो.

भूतकाळातही सावध राहायला हवं. “त्याने आणि मी ते काम संपवलं.” इथे “तो”ला “ने” लागला, “मी”ला काहीच लागलं नाही, कारण “मी” आणि “तू” यांना आपल्या प्रमाण मराठीत हा प्रत्यय दिसत नाही. इंग्रजीत दोन्ही साधे कर्ते आहेत: ‘ही अँड आय’. “ने” दिसला म्हणून ‘हिम’ करायचं नाही.

उलट दिशेचा फसवा प्रकार ‘वॉन्ट’पाशी भेटतो. “तिने आणि मी यावं अशी त्यांची इच्छा आहे” या मराठी वाक्यात “मी” आहे, म्हणून लोक ‘दे वॉन्ट शी अँड आय टु कम’ लिहितात. इंग्रजीत ‘वॉन्ट’नंतर पोटवाक्य येत नाही, कर्म आणि ‘टु’ येतात. ‘दे वॉन्ट अस टु कम’, म्हणून ‘दे वॉन्ट हर अँड मी टु कम’. ‘आस्क’, ‘टेल’, ‘अलाउ’, ‘इन्व्हाइट’ यांनंतरही हेच. याउलट ‘दे थिंक’ किंवा ‘दे से’ नंतर खरंखुरं पोटवाक्य येतं, त्याचं स्वतःचं क्रियापद असतं, म्हणून ‘दे थिंक शी अँड आय आर रेडी’. मराठी कान आणि ‘वी-अस’ची चाचणी यांचं एकमत झालं नाही, तर चाचणीचं ऐका.

एका जागी मात्र मराठी अगदी हुबेहूब साथ देते. ‘वी स्टुडंट्स’ की ‘अस स्टुडंट्स’? “आम्ही विद्यार्थी तयार आहोत” तिथे ‘वी स्टुडंट्स’. “आम्हा विद्यार्थ्यांना वेळ द्या” तिथे ‘अस स्टुडंट्स’. यात वेगळं काही शिकायला नको.

सुधारूनही परत चुकणाऱ्या जागा

‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’ हे शब्द दोन कामं करतात. त्यांच्या पुढे नुसतं नाव आलं तर कर्माचं रूप: ‘दे अराइव्ह्ड आफ्टर रवी अँड मी’. पुढे अख्खं वाक्य, म्हणजे कर्ता आणि क्रियापद, आलं तर कर्त्याचं रूप: ‘दे अराइव्ह्ड आफ्टर रवी अँड आय लेफ्ट’. सर्वनामाच्या पलीकडे त्याचं क्रियापद आहे का, एवढं पाहायचं.

‘लेट’नंतर कर्म: ‘लेट नेहा अँड मी हँडल इट’. ‘लाइक’चा अर्थ “सारखा” असताना कर्म: ‘पीपल लाइक हर अँड मी’. ‘एव्हरीवन एक्सेप्ट हिम अँड मी’ हेही तसंच. ‘एव्हरीवन’ वाक्याचा कर्ता असला तरी ‘एक्सेप्ट’च्या पुढे आलेल्यांना कर्त्याचं रूप मिळत नाही.

खुलासा म्हणून जोडलेली नावं ज्याचा खुलासा करतात त्याचं रूप घेतात. ‘टू मेंबर्स, ही अँड आय, स्पोक.’ इथे सदस्य बोलले, ते कर्ता. ‘दे चोज टू मेंबर्स, हिम अँड मी.’ इथे सदस्यांना निवडलं, ते कर्म.

अंतर वाढलं की चूक वाढते. ‘द लेटर वॉज सेंट टु द चेअरमन, ऑल द मेंबर्स ऑफ द कमिटी, द टू न्यू ट्रेनीज अँड आय’ यात ‘टु’ इतका मागे राहिला की लिहिणारा शेवटी पोचेपर्यंत तो विसरला. लांब यादीत शेवटच्या सर्वनामावर बोट ठेवा आणि मागे जात ते कोणत्या शब्दाला टांगलेलं आहे ते शोधा. इथे ते ‘टु’ला टांगलेलं आहे, म्हणून ‘मी’.

‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ यांना ‘अँड’ समजू नका. ‘नेहा, अलाँग विथ हिम, इज कमिंग.’ सर्वनाम कर्माच्या रूपात आणि क्रियापद एकट्या नेहाचं.

‘मायसेल्फ’ ही पळवाट नाही

‘आय’ की ‘मी’ हे ठरत नसलं की ‘मायसेल्फ’ लिहून सुटका करून घेण्याची सवय कचेरीच्या पत्रव्यवहारात फार आहे. ‘प्लीज कॉन्टॅक्ट रवी ऑर मायसेल्फ.’ ‘नेहा अँड मायसेल्फ विल अटेंड.’ शब्द भारदस्त वाटतो, पण दोन्हीकडे चुकीचा आहे. ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ आणि ‘मायसेल्फ विल अटेंड’ असं एकटं म्हणून पाहा. बरोबर रूपं ‘रवी ऑर मी’ आणि ‘नेहा अँड आय’.

‘मायसेल्फ’ची हक्काची कामं दोन. क्रिया करणारा आणि जिच्यावर क्रिया होते ती व्यक्ती एकच असेल तर: ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय मेड अ लिस्ट फॉर नेहा अँड मायसेल्फ’. हे दुसरं वाक्य बरोबर आहे, कारण यादी करणारी व्यक्तीही मीच. दुसरं काम जोर देण्याचं: ‘आय चेक्ड इट मायसेल्फ’. वाक्यात आधी ‘आय’ नसेल तर ‘मायसेल्फ’वर संशय घ्या. ओळख करून देताना ‘मायसेल्फ रवी’ म्हणण्याऐवजी ‘आय अॅम रवी’ पुरे.

मालकी आणि क्रियापद

‘रवी अँड आयज प्रोजेक्ट’ हे रूप प्रमाण लेखनात चालत नाही. ‘रवीज अँड माय प्रोजेक्ट’ बरोबर. ते अवघडल्यासारखं वाटलं तर, आणि सहसा वाटतंच, ‘अवर प्रोजेक्ट’ किंवा ‘द प्रोजेक्ट रवी अँड आय डिड’ लिहा.

‘अँड’ने जोडलेल्या दोन कर्त्यांना अनेकवचनी क्रियापद: ‘शी अँड आय आर’, ‘अॅम’ नाही. ‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याकडे पाहतं: ‘नायदर शी नॉर आय अॅम रेडी’. नियमाने बरोबर, ऐकायला खडबडीत. ‘शी इज नॉट रेडी, अँड नायदर अॅम आय’ जास्त सहज वाटतं.

जिथे दोन्ही मतं आहेत

‘शी इज टॉलर दॅन रवी अँड आय’ की ‘रवी अँड मी’? जुने व्याकरणकार ‘आय’च्या बाजूचे, कारण पुढे ‘आर’ गृहीत आहे असं ते मानतात. बोलण्यात ‘मी’ सर्रास चालतं आणि त्याला चूक म्हणणं आता हटवादीपणाचं आहे. पण परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात वाद नको असेल तर क्रियापद उघड लिहा: ‘दॅन रवी अँड आय आर’. कधी कधी रूप बदललं की अर्थच बदलतो, तिथे तर क्रियापद लिहिलंच पाहिजे. ‘शी ट्रस्ट्स यू मोर दॅन आय डू’ म्हणजे माझ्या विश्वासापेक्षा तिचा विश्वास जास्त. ‘शी ट्रस्ट्स यू मोर दॅन मी’ म्हणजे तिचा माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास.

‘इट इज आय’ हे पुस्तकी, ‘इट्स मी’ हे सगळ्यांचं. जोडीत ‘इट वॉज ही अँड आय हू कॉल्ड’ हे औपचारिक लेखनात शोभतं, पण गप्पांत ‘इट वॉज हिम अँड मी’ म्हणणाऱ्याला सुधारायला जाऊ नका. ‘मी अँड हिम वेंट’ हेही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या अनौपचारिक बोलण्यात सतत ऐकू येतं. ऐकलं म्हणून अर्जात लिहू नका, एवढंच. अर्ज, अहवाल आणि परीक्षा यांची कसोटी वेगळी असते.

लिहिलेलं तपासताना

शब्दांचं स्पेलिंग तपासणारी सोय इथे कामाची नाही, कारण ‘आय’ आणि ‘मी’ दोन्हींची अक्षरं बरोबरच असतात. व्याकरण तपासणारी साधनं काही चुका पकडतात, काही सोडतात. त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा आपल्याच पाठवलेल्या मेलमध्ये शोधा: ‘अँड आय’, ‘अँड मी’, ‘अँड मायसेल्फ’, ‘ऑर मायसेल्फ’. जे सापडेल त्या प्रत्येक जोडीच्या जागी ‘वी’ आणि ‘अस’ घालून पाहा. आपली चूक नेमकी कोणत्या बाजूची आहे ते यातून दिसतं. कुणी ‘अँड आय’चा अतिरेक करतो, कुणी ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातो, कुणाला फक्त ‘बिट्वीन’ आणि ‘लेट’ नडतात. आपली बाजू कळली की सगळे नियम घोकायची गरज राहत नाही, तेवढ्याच दोन-तीन रचना मोठ्याने म्हणून कानात बसवाव्या लागतात: ‘बिट्वीन यू अँड मी’, ‘फॉर नेहा अँड मी’, ‘ही टोल्ड रवी अँड मी’. सुरुवातीला ती कानाला उघडीवाघडी वाटतात, इतकी ‘अँड आय’ची सवय झालेली असते. म्हणून मनातल्या मनात वाचून भागत नाही, ती आवाज काढूनच म्हणायला हवीत.